ग्रीसाल्प ते कांडरस्टेग, व्हाया होहट्युर्ली: काकांना घेऊन केलेल्या एका दिवसाच्या ट्रेकचा प्रकरण अभ्यास

स्वित्झर्लंडला आईवडील आले की त्यांना डोंगरात कुठे न्यायचं हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात उन्हाळ्यात येतोच. बहुतेक जण ट्रेन आणि केबलकारवर भागवतात. आम्ही एका शनिवारी तसं केलं नाही आणि त्या दिवशी जे झालं ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून सगळं वेळेसकट लिहून काढतोय. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारूनच लिहितोय, नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

कोण होतो, कुठे निघालो होतो

आम्ही पाच जण. मी, बर्नला नऊ वर्षं, त्याआधी पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर फिरलेला, आणि हा प्लॅन माझा. माझा मित्र, त्याची बायको (म्हणजे वहिनी), ऑफिसमधला एक धाकटा जो पुण्याहून येऊन आठच महिने झाले होते, आणि मित्राचे वडील, काका. काका 63 वर्षांचे, नाशिकचे, रिटायर्ड, रोज सकाळी सहा किलोमीटर चालणारे, कळसूबाईला तर इतक्या वेळा गेलेले की आकडा त्यांनाही सांगता येत नाही. बीपीची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. नाशिकहून येऊन त्यांना सहाच दिवस झाले होते.

वाट म्हणजे कीनटालच्या खोऱ्यातल्या ग्रीसाल्पहून (1408 मीटर) होहट्युर्ली खिंडीवर (2778 मीटर) चढायचं, पलीकडे ओशिनेन तलावापर्यंत (1578 मीटर) उतरायचं, तिथून गोंडोलाने किंवा पायी कांडरस्टेग. विया आल्पिना म्हणून जी लांब पायवाट सगळा स्वित्झर्लंड आडवा पार करते तिचा हा एक दिवसाचा टप्पा आहे, आणि त्या अख्ख्या वाटेवरची सगळ्यात उंच जागा हीच खिंड. नावाचा अर्थ साधारण "उंचावरचं छोटं दार". खालून बघितलं की खरंच ब्लूम्लिसआल्पच्या बर्फाच्या भिंतीशेजारी एक फट दिसते, दार म्हणावं अशीच.

आकड्यांकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सलग 1370 मीटर चढ. बारी गावातून कळसूबाई चढलं तर चढ हजार मीटरच्या आतच, आणि शिखर स्वतः 1646 मीटरवर. म्हणजे इथे ज्या बस स्टॉपवर आपण उतरतो तोच कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम 240 मीटर खाली, चढ तिथून सुरू. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी असतो. आणि मुख्य म्हणजे खिंड पार केल्यावर 1200 मीटर उतार शिल्लकच असतो. शिखर केलं की आपण त्याच ओळखीच्या वाटेने खाली येतो, खिंडीचं तसं नाही, खिंड म्हणजे फक्त अर्धं काम. हे मला माहीत होतं, पण काकांना मी ते असं फोड करून सांगितलं नाही. "कळसूबाईपेक्षा थोडं जास्त आहे" एवढंच बोललो.

अडचण कशी तयार झाली

एका चुकलेल्या ट्रेनपासून. बर्नहून सकाळची ट्रेन पकडून श्पीत्स, राइखेनबाख आणि तिथून पोस्टबसने ग्रीसाल्प असा प्लॅन होता, 8.20 ला चालायला सुरुवात. घरातून निघताना ठेपले, दाण्याचे लाडू, काकांचा स्वेटर, असं करत दोन मिनिटांनी ट्रेन गेली. पुढची एक तासाने. कुणाला दोष देत नाहीये, पाच माणसं आणि एक पाहुणा म्हटल्यावर हे होणारच, पण प्लॅनमध्ये या एका तासाला जागा नव्हती आणि ती ठेवणं माझं काम होतं.

बसचा प्रवास मात्र भन्नाट. शेवटच्या टप्प्यात रस्ता 28 टक्के चढाचा आहे, एकामागून एक इतकी आवळलेली वळणं की ड्रायव्हर हॉर्न वाजवत, अंगावर येणाऱ्या कड्याला अक्षरशः घासून बस काढतो. काका खिडकीला चिकटून होते, लहान मुलासारखे. कसारा घाट विसरलो म्हणाले. सगळ्यांचा मूड एकदम वर गेला, आणि आता वाटतं की पुढचा निर्णय आम्ही त्या मूडमध्येच घेतला.

पहिला निर्णय: ग्रीसाल्प, 9.20

पिवळ्या पाटीवर होहट्युर्लीपर्यंत साडेचार तासांच्या आसपास वेळ. इथल्या पाट्यांवरचा वेळ विश्रांती सोडून असतो, चढाला ढोबळमानाने तासाला 300 मीटर असा हिशेब. म्हणजे अगदी पाटीच्या वेगाने, कुठेही न बसता गेलो असतो तरी दुपारचे दोन. जेवण, पाणी, फोटो धरून पावणेतीन. आणि आदल्या रात्रीपासून हवामानाच्या अ‍ॅपवर दुपारी तीननंतर गडगडाटी पावसाची शक्यता दिसत होती.

आल्प्समध्ये जुलै-ऑगस्टची दुपार म्हणजे हे नेहमीचंच. सकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ, ऊन तापलं की डोंगरावरून हवा वर चढते, दुपारपर्यंत फुलकोबीसारखे ढग आणि मग विजा. आपल्याकडच्या वळवासारखंच, फक्त आपण वळवात गावात असतो आणि इथे नेमके उघड्या कड्यावर असतो. म्हणून इथली जुनी माणसं दुपारच्या आत खिंड ओलांडून खाली लागलेली असतात.

पर्याय तीन होते. ठरल्याप्रमाणे पूर्ण करायचं. नाहीतर ओबेरे बुंडआल्प या 1840 मीटरवरच्या कुरणापर्यंत जाऊन, दूध-चीज खाऊन परत यायचं. नाहीतर सरळ बसने खाली जाऊन ट्रेनने कांडरस्टेग गाठायचं, गोंडोलाने वर जाऊन ओशिनेन तलावाच्या वरच्या हॉयबर्गच्या वाटेने आरामात फिरायचं. तिसऱ्या पर्यायात तेच डोंगर, तोच तलाव, आणि काकांसाठी तो दिवस उत्तम झाला असता. चर्चा दोन मिनिटंही झाली नाही. मी म्हटलं, "बुंडआल्पपर्यंत जाऊ, तिथे बघू."

आज मागे वळून बघताना हे "तिथे बघू" मला सगळ्यात जास्त टोचतं. ते वाक्य सावध वाटतं, पण बुंडआल्पला नक्की काय बघायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. कितीच्या आत पोचलो तर पुढे, नाहीतर मागे, असा एकही आकडा त्यात नव्हता.

दुसरा निर्णय: ओबेरे बुंडआल्प, 11.20

साडेनऊला चालायला लागलो. जंगल, मग कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, वाट सोपी. मित्र आणि धाकटा पुढे, मी आणि वहिनी काकांबरोबर. पहिला अर्धा तास काका बोलत होते, मग हळूहळू बोलणं बंद झालं. घाम नेहमीपेक्षा जास्त होता. दर पंधरा मिनिटांनी "जरा फोटो काढू" म्हणून थांबायचे. ते फोटोसाठी नव्हतं हे मला कळत होतं, वहिनीला तर नक्कीच कळत होतं.

430 मीटर चढायला आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. आता हा हिशेब बघा. याच वेगाने उरलेले 940 मीटर म्हणजे चार तास. वीस मिनिटं बसून 11.40 ला निघालो, म्हणजे खिंडीत 15.40. आम्ही प्रत्यक्षात पोचलो 15.45 ला. पाच मिनिटांचा फरक. म्हणजे जे झालं ते दुधाचा ग्लास हातात धरून, बाकावर बसून, साध्या गुणाकाराने चार तास आधी कळण्यासारखं होतं आणि पाचातल्या एकानेही तो गुणाकार केला नाही, पाचातले तीन जण इंजिनिअर असून.

हिशेबाऐवजी आम्ही काय केलं, तर काकांना विचारलं. मित्राने विचारलं, "बाबा, जमेल ना?" ते म्हणाले, "जमेल की. माझ्यामुळे तुमचं राहू नये." विषय संपला.

यावर मला जरा थांबायचंय. आपल्या घरात वडीलधाऱ्या माणसाला मुलाने, मुलाच्या मित्रांसमोर, सुनेसमोर "जमेल ना" विचारलं तर त्याचं एकच उत्तर येतं. त्या प्रश्नात नाही म्हणायला वाटच नाहीये. आणि आम्हीही तो विचारला तो उत्तर हवं म्हणून नाही, तर निर्णय आपल्या अंगावर नको म्हणून, हे कबूल करायला जड जातं पण तसंच होतं. वर आदर आडवा आला. "काका, तुम्ही थकलाय, आपण परत फिरू" हे म्हणणं मला उद्धटपणा वाटला. त्यांच्या कळसूबाईचा अपमान होईल असं वाटलं.

अजून एक पर्याय होता ज्याचा कुणी उच्चारसुद्धा केला नाही: दोघांनी काकांबरोबर परत जायचं आणि उरलेल्या दोघांनी पुढे. परतीच्या बसेस दुपारभर होत्या. पण ग्रुप फोडायचा म्हणजे काहीतरी बिनसलं असं आपल्याला वाटतं, त्यामुळे ते डोक्यातच आलं नाही.

तिसरा निर्णय: 2400 मीटर, 14.05

बुंडआल्पनंतर वाटेचा स्वभाव बदलतो. गवत संपतं, काळी भुसभुशीत ठिसूळ दगडाची घसरडी चढण लागते, पाऊल टाकलं की अर्धं खाली येतं. वाटेवर दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असतो, म्हणजे डोंगरवाट, सवयीचं पाऊल हवं, चक्कर येणाऱ्याने येऊ नये अशी. (पांढरा-निळा-पांढरा दिसला तर त्याहून अवघड, तिथे हातही वापरावे लागतात.) शेवटच्या टप्प्यात उतार इतका उभा की लाकडी पायऱ्या ठोकल्यात, बाजूला लोखंडी दोर आणि साखळ्या. रतनगडच्या शिड्यांसारखं धस्स होणारं काही नाही, पण संपतच नाही.

त्या पायऱ्यांच्या बरंच खाली आदल्या हिवाळ्यातला बर्फाचा एक पट्टा वाटेवर आडवा उरला होता, तीसेक मीटर रुंद. जुलैच्या सुरुवातीला या बाजूला असं असतंच. आधीच्या लोकांची पावलं उमटलेली होती, आम्ही बूट आपटत एकेक करून गेलो. धाकट्याच्या पायात पळायचे स्पोर्ट शूज. मधोमध त्याचा पाय सुटला आणि तो चार-पाच मीटर घसरत जाऊन खालच्या दगडांत अडकला. तळहात सोलवटले, बाकी काही नाही. पण तो उठून परत वर येईपर्यंत कुणाच्याच तोंडातून शब्द फुटला नाही.

पलीकडे जाऊन सगळे बसलो. 14.05 झाले होते. पश्चिमेकडचं आकाश खिंडीच्या आड होतं, म्हणजे हवा जिकडून येणार नेमकं तेच दिसत नव्हतं, फक्त कड्याच्या वर ढगांच्या कडा डोकावत होत्या. मित्र आणि मी बाजूला जाऊन कुजबुजलो. मागे फिरायचं तर तोच बर्फ परत, आणि आता उतारावर, धाकटा घाबरलेला. शिवाय तो काळा घसारा, जो उतरताना चढण्यापेक्षा वाईट. पुढे फक्त 380 मीटर आणि खिंडीच्या थोडं वर हट, म्हणजे ट्रेकर्सना राहायची-जेवायची सोय असलेलं डोंगरातलं घर. आम्ही पुढे जायचं ठरवलं.

हा निर्णय चूक होता की बरोबर यावर आमच्यात अजून एकमत नाही. मित्राचं म्हणणं, त्या जागी पुढे जाणंच सुरक्षित होतं, वर छप्पर होतं. माझं म्हणणं, दोन तासांनी तिथे वीज असणार हे माहीत असताना लोखंडी दोरांच्या वाटेवर चढणं कुठल्याच हिशेबात बसत नाही, बर्फ हळूहळू, एकमेकांना धरून परत पार करता आला असता आणि पावसात भिजत बुंडआल्पला पोचलो असतो, बस एवढंच. पण एका गोष्टीवर दोघंही एक आहोत. हा प्रश्न मुळात तिथे यायलाच नको होता. बुंडआल्पला परत फिरणं म्हणजे दीड तासाचा सोपा उतार होता. 2400 वर परत फिरणं हेच एक संकट होतं. जितके वर गेलो तितकं परत फिरणं महाग होत गेलं, आणि आम्ही प्रत्येक वेळी ते पुढच्या जागेवर ढकलत आलो.

पायऱ्यांवर

14.55 ला पहिला गडगडाट. मी मोजायला लागलो, वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत बारा सेकंद. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे चार किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्याच्या टप्प्यात आहात असं मानतात, आम्ही त्याच्या कितीतरी आत होतो. जायला जागा नव्हती, डावीउजवीकडे घसारा. दोराला हात लावू नका म्हणून मी ओरडलो, पण काकांना दोराशिवाय पायऱ्या चढवत नव्हत्या, त्यांचे पाय थरथरत होते. मग मित्र त्यांच्या मागे, मी पुढे, हात धरून. तीन पायऱ्या, थांबा. तीन पायऱ्या, थांबा. कुठल्याशा क्षणी काका म्हणाले, "तुम्ही पोरं पुढे व्हा." त्या आवाजाने माझ्या पोटात खड्डा पडला, अजूनही पडतो.

15.20 ला गारा सुरू झाल्या. वाटाण्याएवढ्या, पण आडव्या. आता अंतर सात सेकंद. तापमान धाडकन खाली आलं, बोटं वाकेनात. काकांकडे स्वेटर होता, पण वरून घालायचं जॅकेट घरच्या छत्रीबरोबर बर्नलाच राहिलेलं, वहिनीने स्वतःचं काढून त्यांना घातलं आणि आपण कचऱ्याच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीला भोकं पाडून ती घातली. ती पिशवी तिने सकाळी सहज सॅकमध्ये टाकली होती.

15.45 ला खिंडीत. तिथून साठेक मीटर चढून हट, 16.10 ला दारात. वीज आमच्यावर पडली नाही. यात आमचं कर्तृत्व शून्य आहे.

चौथा निर्णय: हटमध्ये, 16.40

ब्लूम्लिसआल्प हट 2840 मीटरवर आहे, स्विस अल्पाइन क्लबची. आत गरम, चहा, सूप. अर्ध्या तासात सगळ्यांना धीर आला आणि लगेच कुणीतरी म्हणालं, की पाऊस थांबतोय, निघालो तर रात्रीपर्यंत कांडरस्टेग होईल. तो मीच होतो. उद्या धाकट्याची शिफ्ट, काकांची रात्रीची बीपीची गोळी घरी, हटचं बुकिंग नाही.

इथे वहिनीने विषय संपवला. ती म्हणाली, "मी बाबांना घेऊन इथे थांबतेय. तुम्हाला उतरायचं तर उतरा." विचारलं नाही, सांगितलं. आणि मग तिने हिशेबही मांडला: तलावापर्यंत पाटीचा वेळ तीन तासांच्या आसपास, आपल्या आजच्या वेगाने पाच, म्हणजे ओल्या घसाऱ्यावरून अंधार पडेस्तोवर, गोंडोला तोवर कधीच बंद. दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदा गुणाकार केला. काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं होईल थांबलो तर." ते पहिल्यांदाच स्वतःसाठी काही बोलले.

शनिवार म्हणून हट भरलेली होती. पण अशा वेळी डोंगरात कुणाला बाहेर काढत नाहीत. हट सांभाळणाऱ्या बाईंनी आमच्या ओल्या बुटांकडे आणि काकांकडे बघितलं आणि जेवणाच्या हॉलमध्ये गाद्या घालून देते म्हणाल्या. वर एकच गोष्ट स्पष्ट बोलल्या, की फोन करून आधी विचारलं असतं तर मी तुम्हाला आजचं हवामान सांगितलं असतं. हे मला माहीतच नव्हतं, की हटला फोन करून वाटेवर बर्फ किती, दुपारचं कसं वाटतंय, हे सरळ विचारता येतं आणि ते आनंदाने सांगतात.

गोळीबद्दल नाशिकच्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी काय लक्षात ठेवायचं ते सांगितलं. शेजारच्या टेबलावर एक नर्स होत्या, त्या रात्री दोनदा येऊन काकांना बघून गेल्या. डोकं दुखत होतं, भूक नव्हती, उंचीचा परिणाम. काही वाढलं असतं तर रेगाला, म्हणजे इथल्या हेलिकॉप्टरच्या सेवेला 1414 वर फोन करायचा हे ठरवून ठेवलं. काकांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डोंगरातली सुटका धरलीये का, हे मात्र आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. घरी येऊन कागद काढले तेव्हा कळलं की नव्हती.

शेवट काय झाला

सकाळी आभाळ धुतल्यासारखं. काकांचं डोकं उतरलं होतं. साडेसातला निघालो, घसाऱ्याची नागमोडी वाट, मग हिमनदीने मागे टाकलेल्या दगडांच्या बांधावरून, ओबरबेर्ग्लीच्या कुरणात (1973 मीटर) लांब विसावा, ताक, लाडू. तिथून खाली तलाव दिसतो तेव्हा तो रंग खरा वाटत नाही. तलावावर पोचायला सव्वापाच तास लागले, काकांच्या डाव्या गुडघ्याने शेवटच्या तासात अगदी हात टेकले. गोंडोलाने खाली. गुडघा सुजला, दोन आठवडे त्यांचं फिरणं बंद, सहा आठवड्यांच्या मुक्कामातले दोन. धाकट्याचे तळहात बरे झाले.

चौथ्या दिवशी त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा काका आपणहून म्हणाले, "मला बुंडआल्पलाच कळलं होतं रे, आपलं काम नाही हे. पण तू विचारलंस जमेल का, म्हटलं जमेल." विचारलं होतं मित्राने, पण त्यांच्या लेखी ते मी विचारल्यासारखंच होतं, कारण प्लॅन माझा. बरोबरच आहे ते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, ग्रीसाल्पलाच तिसरा पर्याय. एक तास गेला, फोरकास्ट तसा, पाहुणे सहा दिवसांपूर्वी आलेले. यातली एक गोष्ट असती तर चाललं असतं, तिन्ही एकत्र असताना नाही.

पूर्ण वाट करायचीच होती तर ती दोन दिवसांची करायला हवी होती, मध्ये हटमध्ये रात्र, आधी बुकिंग करून. काका धरून सगळ्यांना ती जमली असती असं मला मनापासून वाटतं, त्यांचे पाय दणकट आहेत, फक्त त्यांच्यावर एका दिवसाचं ओझं टाकायला नको होतं. हटमधली रात्र त्यांना इतकी आवडली की डोकेदुखी सोडून तिचंच वर्णन नाशिकला सगळ्यांना करून झालं.

तिसरी गोष्ट वेळेची. आता आम्ही निघायच्या आदल्या रात्री ग्रुपवर दोनच ओळी टाकतो: कुठल्या जागी, किती वाजता. "बुंडआल्प 10.15. त्यानंतर पोचलो तर परत." आणि ते लिहिताना वेग धरायचा सगळ्यात हळू चालणाऱ्याचा, पाटीचा नाही. तिथे पोचल्यावर कुणाला काही विचारायचं नाही, घड्याळ बघायचं. याने वडीलधाऱ्यांची मोठी सुटका होते. घड्याळाने परत फिरवलं तर कुणाचा मान जात नाही, कुणाला कुणामुळे राहिलं असं वाटत नाही.

बूट, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचं पावसाचं जॅकेट, एक दिवसाच्या ट्रेकलाही दुसऱ्या दिवसापर्यंतच्या गोळ्या, पाहुण्यांचा इन्शुरन्स वाचून बघणं, हे सगळं सांगायची गरज पडू नये पण पडली. आणि स्विस टोपोच्या, म्हणजे इथल्या सरकारी नकाशांच्या अ‍ॅपवर बंद वाटा तपासा, ओशिनेनच्या वरचा श्पिट्से श्टाय नावाचा डोंगराचा भाग काही वर्षांपासून सरकतोय, त्यावर सतत लक्ष आहे आणि त्याच्या खालच्या काही वाटा बंद असतात.

सप्टेंबरमध्ये मित्र, धाकटा आणि मी परत गेलो. शुक्रवारी रात्री ग्रीसाल्पलाच राहिलो, 7.15 ला निघालो, धाकट्याच्या पायात नवे बूट. बुंडआल्पच्या त्याच बाकावर मित्राने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. काकांनी आधी डोंगर दाखव म्हटलं नाही, हवा कशी आहे म्हटलं नाही. "किती वाजले तिथे?" मित्राने सांगितलं 8.35, म्हणजे तासाला सव्वातीनशे मीटर. पलीकडे दोन सेकंद शांतता, ते मनात मोजत होते.

"म्हणजे साडेअकराला वर. बरं, जा मग."